बाळंतिणीची वाकळ

खडकोशीत बाळंतिणीची वाकळ शिवावी ती नंदाबाई चिकण्यांनी, यावर गावात दुमत नव्हतं. सुनेला सातवा महिना लागला की सासू जुनी लुगडी काखेत मारून त्यांच्या सोप्यात येऊन बसायची. नंदाबाई चहा टाकायच्या, एकेक लुगडं उजेडात धरून बघायच्या आणि "ह्यात दम न्हाई, हे पायपुसण्याला ठेव," असं तोंडावर सांगायच्या. कुणी रागवायचं नाही, कारण त्यांचा धावदोरा बघितला की बोलायला जागाच उरत नसे. साठी उलटल्यावर डोळे कुरकुर करू लागले होते, तरी सुई दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला त्या तयार नव्हत्या.

दोन हजार बेचाळीस सालच्या डिसेंबरात मात्र त्यांच्या तोंडी वाकळेचा विषय नव्हता. लेकीने पट्टा केला होता. फार वाट बघायला लावून झालेली एकुलती एक लेक, म्हणून तिचं नाव प्रतीक्षा. ती पुण्याच्या एका संशोधन संस्थेत होती. "माझ्या प्रतीक्षानं हिऱ्यांचा पट्टा केलाय," असं नंदाबाईंनी एसटीच्या कंडक्टरलाही सांगून टाकलं होतं. "कंबरेला घालायचा का गळ्यात?" असं त्याने विचारल्यावर त्या ताठ मानेने म्हणाल्या होत्या, "पोटाला."

यात थट्टा काही नव्हती. गावाच्या वरच्या अंगाला एके काळी कंपनी होती. तिला नाव होतं, पण गावाने ते कधी वापरलं नाही. बॉयलरच्या नळ्यांना गुंडाळायच्या ॲस्बेस्टॉसच्या दोऱ्या आणि चटया तिथं व्हायच्या. गावातले निम्मे पुरुष तिथं कामाला. पुढे त्यांच्या छात्या निकामी झाल्या, नंदाबाईंचे यजमानही त्यातच गेले. खटले झाले, तपासण्या झाल्या, कंपनीला टाळं लागलं. बायकांकडे कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही, कारण बायका कंपनीत नव्हत्याच.

नंदाबाईंची थोरली जाऊ सिंधू हिचं पोट फुगायला लागलं तेव्हा आधी गॅस म्हणाले, मग पोटाचा क्षय म्हणाले, शेवटी बीजांडकोशाचा कर्करोग म्हणाले. मोठ्या इस्पितळातल्या एका डॉक्टरला शंका आली होती. त्याने विचारलं, "तुम्ही कंपनीत कामाला होता का?" सिंधू म्हणाली, "न्हाई, मी घरीच." डॉक्टरांनी मान हलवली आणि विषय तिथंच संपला. चार महिन्यांनी सिंधूही संपली. बारावीतली प्रतीक्षा तेव्हा काकीच्या उशाशी उभी होती. काकीचा तो 'घरीच' तिच्या डोक्यातून पुढे कधी गेला नाही.

ॲस्बेस्टॉस म्हणजे खरं तर लोहाचे कण असलेला दगडच, पण कापसासारखा पिंजता येणारा. त्याचा तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक. तो श्वासातून आत जातो, कफाबरोबर गिळला जातो, आणि काही तंतू पुढे सरकत पोटाच्या आतल्या पातळ अस्तरात जाऊन रुततात. शरीर त्याला खाऊन टाकायला बघतं, पण दगड काही पचत नाही. मग शरीर हट्टाने त्याच्यावर लोहाचा लेप चढवत बसतं. तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं ती जागा धुमसत राहते आणि एखादीच्या नशिबी त्या अस्तराचा कर्करोग येतो. मेसोथेलिओमा त्याचं नाव. बाईच्या पोटात पाणी झालं की पहिला संशय बीजांडकोशावर जातो, त्यामुळे खरा रोग कळेपर्यंत वेळ गेलेली असते. लवकर कळला, तर बिघडलेलं अस्तर काढून पोट आतून गरम औषधाने धुता येतं, आणि बाई पुढे कित्येक वर्षं जगते.

प्रतीक्षाने नेमका तो लोहाचा लेप पकडला होता. आधी पोटावरून एक चुंबकाचं कडं फिरवायचं. तंतूंवरचे लोहाचे कण त्याने एका दिशेला तोंड करून उभे राहतात आणि थोडा वेळ तसेच राहतात. मग पोटाला पट्टा बांधायचा. त्यात प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांच्या चिपा बसवलेल्या होत्या. हिरव्या प्रकाशात त्या लालसर चमकतात, आणि जवळपास अगदी पुसट चुंबकत्व असलं तरी ती चमक बदलते. पोट फाडायला नको, सुई टोचायला नको. पडद्यावर एक अंक येतो. वीसच्या आत असला तर काळजी नाही. वीसच्या वर गेला म्हणजे रोग झालाच असं नव्हे, पण त्या बाईची रक्ततपासणी आणि पुढचं सगळं करायचं.

मात्र अंगातल्या रक्तातही लोह असतं. ते वजा करायचं तर आधी यंत्राला एक स्वच्छ पोट दाखवावं लागतं. सराफ तराजूचा काटा आधी शून्यावर आणतो, तसं. पुण्यात हे काम तिचा सहकारी इम्रान करायचा. सकाळी आल्या आल्या पट्टा स्वतःच्या पोटाला बांधायचा, शून्य लावायचा आणि मग चहा प्यायचा. खडकोशीला प्रतीक्षा एकटीच आली होती. तिने पट्टा स्वतःच्या पोटाला बांधला आणि शून्य लावलं.

---

पहिल्या दिवशी शाळेची एक खोली मिळाली. बाया यायला तयार होईनात. "आमी कशाला? आमी कंपनीचं दार बी बघितलं न्हाई," असं ज्या त्या उंबऱ्यावरून ऐकू येत होतं. नंदाबाईंनी घरोघर जाऊन एकेकीला अक्षरशः ओढून आणलं. पट्टा बांधायची पाळी आली की त्या खाटेशी उभ्या राहायच्या, पदर सारायला मदत करायच्या आणि वर ऐकवायच्या, "पोट घट्ट नको धरू, फोटू न्हाई काढायचा."

"तू का बांधंना नंदाक्का?" कुणीतरी विचारलं.

"पंगतीत वाढणारी शेवटी जेवती," नंदाबाई म्हणाल्या.

शेजारच्या गजराबाई आडव्या झाल्या. पट्टा पोटाला लागताच त्यांनी अंग चोरलं. "लई गार लागतुया गं."

"हिरे आहेत गजराआत्या, गारच असणार," प्रतीक्षा हसून म्हणाली. पडद्यावर पाच आले. "काही नाही तुमच्या पोटात. उठा."

कुणाला दोन, कुणाला सहा, कुणाला शून्य. नंदाबाईंची छाती तासातासाला फुगत होती. त्यांच्या लेकीपुढे सबंध गावची बायामाणसं रांगेत बसली होती आणि ती एकेकीला निर्धास्त करून घरी पाठवत होती. त्यांनी दुकानातून पेढे आणवले आणि खोलीच्या दारातच वाटायला सुरुवात केली.

शेवटी गजराबाईंची सून सायली आली. चारच महिन्यांपूर्वी लग्न होऊन ती फलटणहून आली होती. पट्टा बांधला, आणि प्रतीक्षाच्या कपाळाला आठी पडली. पडद्यावर उणे एकतीस होते. तिने पट्टा सोडला, पुन्हा बांधला. पुन्हा उणे एकतीस.

"काय झालं ताई?" सायलीने घाबरून विचारलं.

"काही नाही गं, तुझं पोट जरा जास्तच साफ निघालं," प्रतीक्षा म्हणाली. सायली हसली. नंदाबाई मात्र हसल्या नाहीत. लेकीने खालचा ओठ दाताखाली धरला होता, आणि गणित अडलं की ती पहिलीपासून असंच करते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

जेवताना प्रतीक्षाचं पानात लक्ष नव्हतं. "उणे तंतू कुणाच्या पोटात असत नाहीत, आई. रिकाम्या डब्यातून मूठभर तांदूळ काढल्यासारखं आहे ते. काहीतरी चुकतंय माझं."

"थंडीनं गारठलं असंल यंतर," नंदाबाईंनी तिच्या भाकरीवर लोणी ठेवलं. "खोली केवढी गार हाय ती. खाट बी नुसत्या फळ्यांची. बायास्नी गार, यंतराला गार. उद्या मी बघती."

---

नंदाबाईंनी बघितलं ते असं, की सकाळी ट्रंकेच्या तळातून त्यांनी आपली सगळ्यात चांगली वाकळ बाहेर काढली. चार कोपऱ्यांना लाल खणाचे त्रिकोण, आत एकात एक चौकोन भरत गेलेला धावदोरा, चौतीस वर्षांत एक टाका उसवलेला नाही. ती त्यांनी शाळेतल्या खाटेवर अंथरली. लेकीच्या यंत्राखाली लेकीची वाकळ. त्यांना फार बरं वाटलं.

प्रतीक्षाने शून्य आधीच लावून ठेवलं होतं. यंत्र तपासायचं म्हणून तिने पुन्हा गजराबाईंनाच बोलावलं. काल पाच आले होते, आज पाचच यायला हवेत. गजराबाई वाकळेवर ऐसपैस पसरल्या. "आज कसं बाळंतीण झाल्यावानी वाटतंया," त्या म्हणाल्या आणि बायका हसल्या.

पडदा चारशेच्या पुढे गेला.

खोलीतलं हसू विरलं. "एका रातीत काय खाल्लंस गं?" मागून कुणीतरी म्हणालं, पण त्यावर कुणी हसलं नाही. गजराबाईंचा चेहरा उतरला. प्रतीक्षाने त्यांना उठवलं, वाकळ अलगद बाजूला केली, त्यांना नुसत्या खाटेवर झोपवलं. पाच. मग तिने चुंबकाचं कडं वाकळेवरून फिरवलं आणि पट्टा तिच्यावर टेकवला. पडदा पुन्हा चारशेच्या पुढे.

"आई," ती म्हणाली, "या वाकळेत काय आहे?"

आता हा प्रश्न नंदाबाईंच्या आवडीचा होता. त्यांनी पदर सावरला आणि रंगात येऊन सांगायला लागल्या. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी असते. शेक द्यायचा, ओव्याची धुरी द्यायची. निखारा उडतो, साधी वाकळ पेटते. नंदाबाई नव्यानं सासरी आल्या तेव्हा एक बाळंतीण अशीच भाजली होती. कंपनीत दोऱ्या वळताना राखी रंगाचा कापूस उरायचा. तो पुरुष घरी आणायचे, कारण तो आगीत टाकला तरी जळत नसे. "मग मी न् सिंधूनं डोकं चालवलं. कंपनीची रिकामी पोती नदीवर आपटून धुवायची, त्येचा एक थर, त्येच्यावर तो कापूस, वर लुगडं. निखारा पडला तर झटकायचा. तवापासनं ह्या गावात एक बाळंतीण भाजली न्हाई. कंपनी बंद पडली तरी त्या वाकळा अजून फिरत्यात. घरटी एक तरी हायेच, दसऱ्याला आपटून धुतली की परत..."

बोलता बोलता त्यांचा आवाज आपोआप खाली आला.

प्रतीक्षा खुर्चीच्या काठावर बसली होती. "आणि मी?"

"तू ह्याच्यावरच," नंदाबाई म्हणाल्या. "सव्वा महिना मी न् तू ह्याच वाकळंवर. मग पाळण्यात बी हीच घातली. तुला दुसरी चालायचीच न्हाई."

प्रतीक्षा खुर्चीवरून उठली. मग तिने सगळ्यांना घरी जायला सांगितलं, फक्त सायलीला थांबवलं. वाकळ कुणी झटकू नये म्हणून तिच्यावर पाणी शिंपडलं आणि तोंडाला फडकं बांधून ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली. खाट ओल्या कापडाने पुसून घेतली. मग पट्टा सायलीच्या पोटाला बांधला आणि पुन्हा शून्य लावलं. खडकोशीत वाढलेली नाही आणि कंपनीच्या वाकळेवर कधी निजलेली नाही, अशी त्या खोलीत ती एकटीच होती.

सायली गेल्यावर तिने पट्टा स्वतःला बांधला. पडद्यावर एकतीस आले. उणे नाही, नुसते एकतीस.

कालचा गुंता नंदाबाईंना तेव्हा उलगडला. सायलीचं पोट जास्तच साफ नव्हतं निघालं, ते नुसतं साफ होतं. लेकीने स्वतःचं पोट शून्य धरलं होतं, आणि त्या शून्यात एकतीस दडलेले होते. गजराबाईंचे पाच म्हणजे छत्तीस. बाकीच्यांचंही तसंच. ज्या बायकांना त्यांनी काल दारात उभं राहून पेढे भरवले, त्यातली एकही निर्धास्त नव्हती.

"पुण्यात हे झालंच नसतं," प्रतीक्षा पट्टा सोडत म्हणाली. "तिथं इम्रान असतो. इथं मी मलाच स्वच्छ समजले. मी थोडीच कंपनीत होते? मी घरीच."

नंदाबाई तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण हात उचलेना. ह्याच हातांनी ती वाकळ शिवली होती. मग त्या खाटेवर चढल्या आणि पदर सारून आडव्या झाल्या.

"बांध. वाढणाऱ्या बाईची पंगत आली."

एकशे अठरा आले.

---

दुपारी चुलीपाशी दोघी बसल्या होत्या. प्रतीक्षाने सगळं समजावून सांगितलं. एकशे अठरा म्हणजे पुण्याला जायचं, लगेच. काही सापडलं तर उपचार आहे, आणि तो लवकर सुरू होईल. एकतीसला रक्ततपासणी आणि मग दरवर्षी मोजणी. गावातल्या प्रत्येकीला पुन्हा मोजायचं.

"आणि वाकळा?" नंदाबाईंनी विचारलं.

"वाकळा गोळा करायला लागतील. पण मी असं म्हणते," प्रतीक्षा चुलीकडे बघत म्हणाली, "की यंत्राचे आकडे चुकले होते, एवढंच सांगू. ते खरंही आहे. दोन महिन्यांनी संस्थेची गाडी येईल, जुन्या गोधड्या, गाद्या, गोणपाटं सगळंच नेऊ. कुणी शिवली, कशी शिवली, याची चर्चा नको. गावात तुझं नाव आहे, आई."

नंदाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. नाव होतं, हे खरंच होतं. नवऱ्यामागे हे घर, हा मान, चारचौघीतलं बोलणं, सगळं त्या सुईवर उभं होतं. लेक ते वाचवायला बघत होती. तिच्या जागी त्या असत्या तर त्यांनीही हेच केलं असतं. पण दोन महिन्यांत गावात कुणाची ना कुणाची सून बाळंत होणार होती, आणि तिच्याखाली कुठली वाकळ अंथरली जाणार हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यातल्या निम्म्या वाकळांचे टाके त्यांना आंधळेपणीही ओळखता आले असते.

"सिंधीला डॉक्टरनं इचारलं तवा ती घरीच म्हणाली," त्या म्हणाल्या. "खोटं बोलली न्हाई बिचारी. पण तिला म्हाईतच नव्हतं की खरं काय. आता मला म्हाईत हाय. मी गप बसली तर मग मी कंपनीवाल्यांचीच की." त्यांनी भाकरी टोपलीत टाकली. "जेव आधी. उद्या सकाळी मी बोलती. तू नुस्ती शेजारी उभी ऱ्हा."

---

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात बायका जमल्या. बातमी अर्धीमुर्धी फुटली होतीच. नंदाबाई पायरीवर उभ्या राहिल्या. भाषण त्यांनी जन्मात केलं नव्हतं, पण बुजायचा स्वभावही नव्हता.

"परवा पेढं वाटलं ते परत मागत न्हाई, खाल्ल्याली वस्तू हाय," त्यांनी सुरुवात केली. "पण यंतरानं परवा जे सांगितलं ते चुकीचं हुतं. चूक कुठं झाली ते माझी लेक सांगंल, ती लपवणाऱ्यातली न्हाई. मी दुसरंच सांगणार हाय. आपल्या बाळंतिणीच्या वाकळंत जो कापूस हाय, त्यो कापूस न्हवं. त्यो त्योच दगड हाय, ज्येनं आपलं धनी गेलं. त्यो आपल्या पोटात गेलाय. सिंधी त्येच्यानंच गेली."

पटांगणात गलका उठला. नंदाबाई थांबल्या नाहीत. आवाज चढवून त्या पुढे म्हणाल्या, "टाकं माझं हायेत. टाक्याची लाज मला न्हाई, बाळंतीण भाजू नये म्हणून घातल्यात. आतला दगड कंपनीचा. त्यो काय हाय ते त्यास्नी म्हाईत हुतं, आपल्याला कुणी सांगितलं न्हाई. पुरुषांच्या छात्या मोजल्या त्यांनी. आपली पोटं कुणी मोजली न्हाईत, कारण आपून घरी. आता माझ्या पोरीनं मोजायचं यंतर केलंय, तर मोजून घेयाचं."

गजराबाई पुढे आल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "माझ्या दोन लेकी तुझ्या वाकळंवर निजल्या नंदे. दोन्हीची बाळंतपणं तिच्यावर झाली. आणि तू आता सांगतीस?"

"मला काल कळलं, आज सांगती," नंदाबाई म्हणाल्या. "त्या निजल्या, माझी बी निजली. हिच्या पोटात एकतीस निघालं. माझ्या एकशे अठरा." त्यांनी प्रतीक्षाचा हात धरून तिला पुढे घेतलं. "कुणाला मला बोलायचं असंल तर खुशाल बोला. पण आधी वाकळा आणा. झटकू नका, आपटू नका. पाणी शिपडा, प्लॅस्टिकात बांधा, न् मग आणा."

बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. नंदाबाईंना वाटलं, आता ह्या पाठ फिरवणार. त्यांनी लेकीचा हात घट्ट धरला. त्यांच्या हातापेक्षा तो जास्त गार होता.

गजराबाईंनी वळून सायलीकडे पाहिलं. सायली मागे एका कोपऱ्यात उभी होती, फलटणची, साफ पोटाची. गजराबाई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या.

"हिच्यासाठी एक काढून ठिवलीया मी माळ्यावर," त्या शेवटी म्हणाल्या. आवाजातला राग गेला नव्हता, पण तो आता दुसरीकडे वळला होता. "पुढंमागं लागंल म्हणून. ती आधी घ्या. चल गं सायले, पाण्याची बादली घे."

मग बायका निघाल्या. दुपारपर्यंत शाळेच्या भिंतीशी प्लॅस्टिकमधल्या वाकळांची उतरंड लागली. आणताना जी ती सांगत होती, ही थोरलीच्या वेळची, ही धाकटीच्या, ही तर माझ्या सासूनं नंदाक्काला भांडून मिळवलेली. नंदाबाई एकेक ओळखत होत्या. कोपऱ्यातले लाल त्रिकोण प्लॅस्टिकमधून दिसत होते. आत खोलीत प्रतीक्षा सायलीच्या शून्यावर गावाला पुन्हा मोजत होती, आणि या वेळी कुणाला ओढून आणावं लागलं नाही. सायलीला तर बायकांनी सकाळ-संध्याकाळ दूध पाजायला सुरुवात केली, यंत्राचं शून्य बिघडू नये म्हणून. दुधाचा काही संबंध नाही हे प्रतीक्षाने दोनदा सांगितलं, मग नाद सोडला.

रक्ततपासण्यांनंतर खडकोशीतल्या आठ जणींना पुण्याला पाठवावं लागलं. त्यात पहिलं नाव नंदाबाईंचं होतं. त्यांच्या अस्तरावर मोहरीएवढे ठिपके सापडले, इतके लवकर की डॉक्टरांनी असे ठिपके जिवंत माणसात क्वचितच पाहिले होते. ऑपरेशन मोठं झालं. ते सोसताना नंदाबाईंनी कुरकुर केली ती एवढीच, की पोटाला घातलेले टाके ओबडधोबड आहेत.

---

वर्षानंतर त्या पुण्याला फेरतपासणीला आल्या. आता त्या इस्पितळात असे सहा पट्टे होते, आणि बाहेरच्या गावांतून, इतर कंपन्यांच्या भवतालच्या वस्त्यांतून बायका येत होत्या. धुणी धुणाऱ्या, पोती झाडणाऱ्या, सगळ्या घरीच असलेल्या. प्रत्येक पट्ट्याला मऊ सुती कापडाची खोळ होती. हिरे गार लागतात म्हणून ती खडकोशीच्या बायकांनी शिवून दिली होती. धावदोरा अजून नंदाबाईंच्या जवळपासही पोचत नव्हता, पण सुधारेल असं त्यांचं मत होतं.

तपासायला एक तरणी डॉक्टर होती, नवीनच लागलेली. तिने विचारलं, "आजी, तुम्ही कंपनीत कामाला होता का?"

"न्हाई. मी घरीच," नंदाबाई म्हणाल्या. डॉक्टरने मान हलवली. पण नंदाबाई पुढे म्हणाल्या, "कंपनी बी आमच्या घरीच हुती. तसं लिव्ह बाळ. समद्या बायकांचं तसंच लिवायचं."

डॉक्टरने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि तसंच लिहिलं. मग ती पट्टा घेऊन खाटेशी आली.

"थांब," नंदाबाईंनी हात वर केला. "शून्य कुणाचं लावलंय?"

"दहा जणींचं लावतो आम्ही, आजी. वेगवेगळ्या गावच्या. नियमच आहे तो. पण तुम्हाला हे कसं ठाऊक?"

दाराशी प्रतीक्षा उभी होती. तिने तोंडावर हात धरून हसू दाबलं. नंदाबाईंनी तिकडे बघितलंही नाही. त्यांनी पदर सारला, सुती खोळीवरून एकदा बोट फिरवलं आणि आडव्या झाल्या.

"माझ्या लेकीनं केलाय ह्यो पट्टा," त्या म्हणाल्या. "बांध आता, घट्ट."